दादाला पोलिसात देऊ, की गप्प बसू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३५ वर्षांची, लग्न झालेली, माहेरापासून तासाभराच्या अंतरावर राहते. माहेरी आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. भाऊ गेली सात-आठ वर्षं वहिनीला मारतो, "पिऊन आला की". वर्षभरापूर्वी वहिनी एकदा पोलीस स्टेशनला गेली होती. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, भावाला बोलावलं, दोघांना समज दिली आणि घरी पाठवलं. त्या रात्री जास्त मार पडला. परवा मुलगा मध्ये पडला तर भावाने पट्टा काढला, पोराच्या पाठीवर वळ आहेत, आणि त्या दिवशी भाऊ प्यायलेला नव्हता. सुट्टीत मुलं आत्याकडे आली होती तेव्हा मुलगा बूट उशीजवळ ठेवून झोपायचा. एकदा रात्री किचनमध्ये पातेलं पडलं तर हा बूट घालून, बहिणीचा हात धरून दारात जाऊन उभा राहिला. आई म्हणते, घरातलं घरात राहू दे, घर माझ्या नावावर आहे, जास्त शहाणपणा केला तर सुनेलाच बाहेर काढीन. वहिनी म्हणते, "ताई, कुणाला सांगू नका, मुलं काढून घेतील." शेवटी ती लिहिते, "बाबाही आईवर हात उचलायचे, तरी आम्ही नीट वाढलोच. सख्ख्या भावाला पोलिसात देऊ का? आणि देऊन तरी सरकार काय करतं ते आम्ही एकदा बघितलंय."

प्रिय मैत्रिणी,

मी वयाने मोठी आहे म्हणून तुला अगंतुगं करते, चालेल ना. तुझं पत्र मी चारपाच वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या बुटांपाशी थांबले. नऊ वर्षांच्या मुलाने पळायची तयारी करून झोपायचं, आणि पळताना धाकट्या बहिणीला विसरायचं नाही हेही त्याच्या डोक्यात पक्कं, म्हणजे हे एका रात्रीत शिकलेलं नाहीये गं. त्या घरात मोठ्या माणसांनी करायचं काम तो एकटा करतोय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तिथूनच सुरू करणार आहे.

तू दोन वाटा लिहिल्या आहेस, भावाला पोलिसात द्यायचं नाहीतर गप्प बसायचं. आपल्याकडे बहुतेक घरांत याच दोन वाटा धरल्या जातात आणि त्यातली पहिली इतकी भयंकर वाटते की माणसं वर्षानुवर्षं दुसरीवर बसून राहतात. पण तुझ्या वहिनीसाठी जो मुख्य कायदा आहे, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा, तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्याची सुरुवात अटकेने होत नाहीच. त्यात आधी बाईला संरक्षण मिळतं. मॅजिस्ट्रेट त्या माणसाला ऑर्डर देतात की मारायचं नाही, धमकावायचं नाही, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत जायचं नाही, खर्चाला इतके पैसे द्यायचे, आणि गरज वाटली तर घराबाहेर त्यानेच राहायचं. ही ऑर्डर त्याने मोडली तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे या कायद्यात दादा जेलमध्ये जाईल की नाही हे तुझ्या तक्रारीवर नाही, ऑर्डर मिळाल्यावर तो काय करतो त्यावर ठरणार आहे. हा फरक नीट समजून घे, कारण तुझ्या मनावरचं ओझं बरंचसं तिथेच आहे.

आता तुझं दुसरं वाक्य, "पिऊन आला की मारतो." आणि तीन ओळींनंतर तूच लिहिलंयस की परवा पट्टा काढला तेव्हा तो प्यायलेला नव्हता. तुझ्या लक्षात आलं का लिहिताना? दारूचा त्रास खराच असेल, तो नाकारत नाही, आणि दादाला सोडायची इच्छा असेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. पण दारू सुटली की मार थांबेल असं धरून वहिनीने थांबून राहायचं, हे चुकीचं होईल. आठ वर्षं ती त्याच आशेवर थांबलीय ना.

आणि "आम्ही नीट वाढलोच". यावर मी जरा हळूच बोलते, कारण हे तुझं स्वतःचं आहे. बाबा आईवर हात उचलायचे त्या रात्री तू कुठे असायचीस? दादा कुठे असायचा? एकाच घरात, एकाच दाराआड दोन मुलं ते ऐकत होती, त्यातला एक आज तेच करतोय आणि दुसरी मला पत्र लिहितेय की गप्प बसू का. मी दादाला सूट देत नाहीये, मोठा माणूस आहे, काय करतोय ते त्याला कळतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे परत परत दिसतं की ज्या बायकांनी लहानपणी वडिलांना आईला मारताना पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या संसारात मार खाण्याचं प्रमाण जास्त आहे. तुझी भाची ४ वर्षांची आहे. तिला आत्ता जे दिसतंय ते ती घर म्हणून लक्षात ठेवणार आहे.

त्याच सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि ज्यांनी मार किंवा लैंगिक अत्याचार सोसला त्यातल्या फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली. तुझी वहिनी त्या १४ मधली आहे. ती पायऱ्या चढून आत गेली होती, आणि तिला परत पाठवलं गेलं.

म्हणून त्या दिवसाबद्दल बोलूया. तुला वाटतंय, सरकार काय करतं ते आम्ही बघितलंय. मला वाटतं तुम्ही हे बघितलं की एका ऑफिसात एका माणसाने त्याचं काम केलं नाही. कारण त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांनी तिला तिथेच सांगायला हवं होतं की तुम्हाला संरक्षणाची ऑर्डर मागता येते, राहण्याची, पैशांची, मुलांच्या ताब्याची ऑर्डर मागता येते, जिल्ह्यात या कायद्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी असतात ते अमुक ठिकाणी बसतात, वकील फुकट मिळतो, आणि नवऱ्याने केलेल्या क्रूरतेची फौजदारी तक्रारही करता येते. हे सांगणं ही त्यांची ड्युटी आहे, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. त्याऐवजी त्यांनी साधी मारहाण म्हणून एनसी लिहिली, म्हणजे अदखलपात्र, ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. खरं तर नवऱ्याची क्रूरता हा वेगळा गुन्हा आहे, आधी ४९८अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. त्यात तक्रार स्वतः त्या बाईने दिली किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या अगर दत्तक नात्यातल्या कुणी दिली तर तो दखलपात्र होतो. लग्नाच्या नात्यातली, म्हणजे नणंदसुद्धा. तू हे लगेच करावंस असं मी म्हणत नाहीये, पण तुला अधिकार आहे एवढं माहीत असू दे. आणि २००५ च्या कायद्याची टीव्ही-रेडिओ-पेपरातून प्रसिद्धी करायची, पोलिसांना आणि न्यायाधीशांना ट्रेनिंग द्यायचं, हे कलम ११ ने सरकारवरच टाकलंय. वहिनीला काहीच माहीत नव्हतं यात तिची चूक शोधू नकोस.

हे मी एवढं लांबवते आहे कारण आपल्याला सवय लागलीय की सरकारी ऑफिसात गेलं की उपकार मागायला गेल्यासारखं उभं राहायचं. घरात मार खाणाऱ्या बाईला आणि पोराला वाचवणं हे सरकारवर आहे, घटनेनेही आहे आणि १९९२ मध्ये आपण बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला तेव्हापासून त्या करारानेही आहे, ज्याचं कलम १९ सांगतं की आईवडिलांच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या हातून होणाऱ्या हिंसेपासून मुलाला वाचवायला सरकारने पावलं उचलायची. आईवडिलांच्या हातून, असं लिहिलंय. "घरातलं घरात" ही सबब तिथेच संपली.

आता आई काय म्हणते ते घेऊ. घर तिच्या नावावर आहे, सुनेला बाहेर काढीन. नाही काढता येत, म्हणजे कायद्याचा रस्ता सोडून असं धक्के मारून नाही काढता येत. लग्न करून ज्या घरात ती नवऱ्याबरोबर राहत आली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, घर कुणाच्या का नावावर असेना. सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा यात येऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं, आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वापरून सुनेचा हा हक्क सहज उडवता येणार नाही असंही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितलं. यात वहिनी मालक होत नाही, फक्त राहायचा हक्क मिळतो, हे आईला शांतपणे समजावलंस तर कदाचित तिची अर्धी भीती जाईल. आणि आईशी बोलताना एक लक्षात असू दे, तीही मार खाल्लेली बाई आहे. तिच्या वेळी तिला कुणी विचारलं नाही. ती सुनेवर चिडते त्यात "मी सोसलं, ही का नाही सोसत" असं असू शकतं, नसेलही, पण तिच्याशी भांडून उपयोग नाही. मात्र तिने खरंच सुनेला छळलं तर तक्रार तिच्याविरुद्धही होऊ शकते, फक्त पुरुषांविरुद्धच तक्रार हा नियम कोर्टाने २०१६ मध्ये काढून टाकलाय.

वहिनीची भीती सगळ्यात मोठी, मुलं काढून घेतील. ही भीती इतकी पसरलेली आहे की त्यापायी कितीतरी आया १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करत नाहीत. अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी बालकल्याण समिती म्हणून प्रत्येक जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई असावीच लागते. पण २०१५ चा बाल न्याय कायदा स्वतःच म्हणतो की मूल संस्थेत ठेवणं हा सगळे पर्याय संपल्यावरचा उपाय, आधी त्याचं कुटुंब. इथे मारणारा बाप आहे, आई सांभाळणारी आहे, आणि आत्या दार उघडं ठेवून बसलीय. समितीपुढे गोष्ट गेली तर मुलं आईजवळ सुरक्षित कशी राहतील हेच आधी बघितलं जाईल. आईकडे मुलांचा ताबा तात्पुरता द्यायची ऑर्डर त्या २००५ च्या कायद्यातही मागता येते. उलट गप्प बसलं आणि उद्या पोराला काही झालं तर विचारणारे आईलाही विचारतील की तुम्हाला दिसत होतं ना. हे तिला घाबरवायला सांगू नकोस, पण तू लक्षात ठेव.

आता काय करायचं. इथे मी वहिनीचा आणि मुलाचा वेगवेगळा विचार करते आणि माझं मत सरळ सांगते.

वहिनी मोठी आहे, जाणती आहे. तिच्यावर हिंसा होतेय हे कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणाऱ्यावर काही येत नाही, २००५ च्या कायद्याचं कलम ४ तसं म्हणतं. तरी तिला न सांगता तू हे करू नकोस. दादा घरी काय करेल, कधी करेल, त्याचा अंदाज तिच्याइतका कुणालाच नाही, आठ वर्षं ती त्या अंदाजावर जगलीय. आणि बाई निघायला लागली किंवा तक्रार केली की त्याच दिवसांत धोका वाढतो, एनसीच्या रात्री तुम्ही ते पाहिलंच. म्हणून तिच्याशी बोल, दादा कामावर असताना, फोनवर नको, त्याने फोन चेक केला तर? प्रत्यक्ष जा. "तू सोडून ये" असं म्हणू नकोस, नुसतं विचार की तुला काय हवंय, मार थांबायला हवाय की वेगळं व्हायचंय, कारण दोन्हीसाठी कायदा आहे आणि दोन्हीसाठी पुढची पावलं वेगळी आहेत. तिच्या मनात नेमकं काय आहे हे तिला आजवर कुणी विचारलंच नसेल बहुतेक.

पण मुलाच्या बाबतीत मी वहिनीच्या हो-नाहीसाठी थांबणार नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ म्हणजे बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तो स्वतः कुठे जाऊन काही सांगू शकत नाही. १०९८ ला फोन कर, २४ तास चालतो, फुकट आहे, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला तेव्हापासून देशभर पसरलाय आणि २०२३ पासून राज्यांचा महिला व बालविकास विभाग तो चालवतो, ११२ या आपत्कालीन नंबरला जोडून. फोनवर काय सांगायचं तर मुलाचं वय, पत्ता, काय दिसलं, कधी दिसलं, आणि आत्ता तो कुठे आहे. पुरावा गोळा करत बसायची गरज नाही, ते त्यांचं काम आहे. आणि हे आधी वहिनीच्या कानावर घाल, परवानगी मागायला नाही, पण तिला अचानक कळू नये म्हणून. आणि फोनवर त्यांनाही सांग की घरी येण्याआधी माझ्याशी बोला, बाप घरी नसतानाची वेळ मी सांगते. नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. पण खोटं आश्वासन देत नाही, वळ तूच पाहिलेत, तेव्हा दादा ओळखेल कदाचित. त्याची तयारी मनात ठेव.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. त्याने कधी गळा दाबला असेल, हत्यार दाखवलं असेल, "मारून टाकीन" असं नुसतं रागात नाही तर ठरवल्यासारखं म्हणत असेल, तर विचार, सल्ला, सगळं नंतर, आधी ११२. गळा दाबणं हे साध्या मारहाणीसारखं धरू नका, खुणा दिसत नाहीत म्हणून ते सोडून दिलं जातं आणि पुढे जीव जायचा धोका अशा घरांत खूप जास्त असतो. वहिनीला हे स्पष्ट शब्दांत विचार, ती आपण होऊन सांगणार नाही.

वहिनी तयार झाली तर पहिली जागा माझ्या मते पोलीस स्टेशन नाही, संरक्षण अधिकारी. महिला व बालविकासच्या ऑफिसात चौकशी केली की सांगतात, किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तरी कळतं. ते घटनेचा अहवाल भरतात, सगळे त्याला डीआयआर म्हणतात, त्यात फक्त मार नाही, शिव्या, पैसे न देणं, बाहेर जाऊ न देणं, जबरदस्ती, हे सगळं सांगायचं, बायका नेमकं हेच सांगत नाहीत कारण त्यांना ते "हिंसा" वाटतच नाही. याला पैसे लागत नाहीत. तो अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवत नाही. म्हणून अर्जातच अंतरिम ऑर्डर मागायची, तिच्या प्रतिज्ञापत्रावर समोरचा हजर नसतानाही मॅजिस्ट्रेट ती देऊ शकतात. वकील लागला तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा, १५१०० हा त्यांचा नंबर, बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता फुकट. आणि रात्रीत निघावं लागलं तर सखी वन स्टॉप सेंटर, २०१५ पासून आहेत, तिथे काही दिवस राहायची सोय, डॉक्टर, पोलीस, वकील एकाच छताखाली मिळावं अशी ती योजना आहे.

संरक्षण अधिकारी जागेवर नसणं, एकाच माणसाकडे तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार असणं, हे मी पाहिलंय. हा प्रश्न एवढा मोठा होता की मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा. कायदा येऊन वीस वर्षं होत आली तेव्हा. याचा मला संताप येतो, पण म्हणून मी तुला "जाऊ नकोस" असं सांगणार नाही. तयारीने जा असं सांगेन.

तयारी म्हणजे काय, तर एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका बाईबरोबर अशाच एका ऑफिसात गेले होते, तिचा अर्ज आम्ही दोन प्रतींत नेला होता. टेबलावरच्या माणसाने अर्ज घेतला आणि म्हणाला, ठेवून जा, साहेब आले की देतो. ती म्हणाली पोच द्या. तो म्हणाला पोच कशाला, आपलंच ऑफिस आहे. ती बाई काही बोलली नाही, दोन मुलं घेऊन समोरच्या बाकावर बसली. धाकटा झोपला, मोठी बाकावर चित्र काढत होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याने शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली. ती प्रत तिने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. चार महिन्यांनी कोर्टात "यांनी आधी कधी तक्रारच केली नाही" असं समोरच्या वकिलाने म्हटलं तेव्हा तो शिक्का कामाला आला. तर पोच घ्यायची. प्रत्येक कागदाची, प्रत्येक वेळी. पोलीस एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, पोस्टाची पावती जपून ठेवायची, तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर घ्यायलाच लागते, आता कायद्यातच आहे. आणि अर्जाचं पुढे काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

तुझ्याकडे एक पिशवी ठेव. वहिनीचं आणि मुलांचं आधार, जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा फोटो, पासबुक, शाळेचे कागद, औषधं, थोडे पैसे, घराची एक्स्ट्रा चावी. सगळं एकदम नको, प्रत्येक भेटीत एकेक, नाहीतर लक्षात येईल. मुलाच्या पाठीचे फोटो तुझ्या फोनमध्ये काढ, तिच्या नाही. आणि त्याला डॉक्टरला दाखव, तिथे "पडला" असं सांगायचं नाही, पट्ट्याने मारलं असं सांगायचं आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय ना ते बघायचं.

समुपदेशनाबद्दल थोडं. महाराष्ट्रात पोलिसांच्याच जागेत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर सुरू केलेले, तिथे ट्रेनिंग घेतलेल्या समाजसेविका बसतात आणि त्यांच्याशी बोलणं वेगळं असतं, जमलं तर तिथे जरूर जा. पण दोघांना समोरासमोर बसवून "तूही जरा समजून घे, तोही घेईल" असं कुणी करत असेल तर वहिनीने उठून यावं. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एका तराजूत तोलणारी तडजोड तिने एकदा अनुभवलीय.

तुझ्यासारखी पत्रं मला शेजाऱ्यांकडून, टीचरकडून, लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच सांगते. मूल घाबरून वागतंय, जुने-नवे वळ दिसतायत, दाराआडून रोज आवाज येतोय, एवढं पुरेसं आहे १०९८ साठी. आणि मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं वाटायला कारण असेल तर मग कळवू की नको हा प्रश्नच उरत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, माहीत असून लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर केस होत नाही. मुलाला त्यासाठी चौकीत रात्रभर बसवत नाहीत, जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं. तसं होत नसेल तर तिथेच विचारायचं, का होत नाहीये.

दादाबद्दल तू खूप कमी लिहिलंयस, पण तुझं त्याच्यावर प्रेम आहे ते दिसतं. लहानपणी कदाचित तोच तुझा हात धरून दारात उभा राहिला असेल, मला माहीत नाही. त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर बोल, पण आत्ता नको, वहिनी आणि मुलं सुरक्षित झाल्यावर. त्याला उपचार हवे असतील, समुपदेशन हवं असेल तर तूच घेऊन जा, मॅजिस्ट्रेटही त्याला समुपदेशनाला पाठवू शकतात. त्याच्याशी नातं ठेवायचं की नाही हे तुला आज ठरवायचं नाहीये.

भाच्याशी मात्र या आठवड्यात बोल. त्याला सांग की आईला वाचवणं हे तुझं काम नाही, मोठ्यांचं आहे, आणि मोठ्यांनी ते सुरू केलंय. १०९८ पाठ करून घे, मुलं नंबर पटकन पाठ करतात, आणि तुझा नंबरही. घरात आवाज वाढला तर मध्ये पडायचं नाही, बहिणीला घेऊन कुठल्या शेजाऱ्यांकडे जायचं ते ठरवून ठेव, त्या शेजाऱ्यांना आधी विचारून. बूट उशीजवळ ठेवतो त्याबद्दल त्याला काही बोलू नकोस. राहू देत. त्याला गरज वाटायची थांबेल तेव्हा तो आपणच दाराबाहेर ठेवेल.

वहिनीच्या कानावर घालून १०९८ चा फोन उद्याच कर. वहिनीला भेटलीस की ती काय म्हणाली ते मला लिही, आणि संरक्षण अधिकारी भेटले नाहीत तर कोणत्या तारखेला गेला होतात, कुणी काय उत्तर दिलं, तेही लिहून ठेव.

तुझी,
ताई